बूनचा सातबारा

भूमी अभिलेख खात्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस कुठेही गेला तरी आधी बांध बघतो. लेकीकडे कोलंबसला, ओहायोत, सहा महिन्यांसाठी आलो तेव्हा विमानातूनही मी खाली तेच बघत होतो. नातीला शाळेत डॅनिअल बूनवर प्रकल्प होता. केसाळ टोपी, खांद्यावर लांब बंदूक, मागे जंगल असं चित्र तिनं रंगवलेलं. केंटकीची वाट उघडणारा, बून्सबरो वसवणारा माणूस. मी सहज वाचायला घेतलं आणि एका ओळीशी अडलो. हा गडी काही वर्षं मोजणीदार होता! लोकांच्या सुमारे दीडशे मोजण्या करून दिल्या आणि केंटकीत स्वतःच्या नावावर शेवटी काही राहिलं नाही.

"हा तर आमच्याच खात्यातला निघाला," मी म्हणालो.

"मग जाऊन बघूनच येऊ की, बाबा," जावई म्हणाले. त्यांना गाडी चालवायला निमित्त लागतं. जूनची सुट्टी लागल्यावर पाच जण निघालो. नातीनं एक कोरी वही घेतली आणि मी सांगेन ते त्यात लिहायचं असं ठरलं.

दिवस पहिला

डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि हिनं कुणालाही न विचारता केलेले शेंगदाण्याचे लाडू. पहिला थांबा झीनियाजवळचं ओल्डटाउन.

कोलंबसची सायटो नदी ओलांडली की शिवाराचा नकाशा बदलतो. अमेरिकेनं १७८५ च्या कायद्यानं आधी मोजणी आणि मग विक्री असं ठरवलं आणि जमिनीचे चौकोन पाडले. पण सायटो आणि लिटल मायामी या दोन नद्यांमधला पट्टा व्हर्जिनियानं आपल्या सैनिकांना द्यायला राखून ठेवला होता. तिथे जुनीच रीत चालली. अमक्या झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून तमक्या दगडापर्यंत. फोनवर वरून काढलेला नकाशा उघडून नातीला दाखवला. एकीकडे बुद्धिबळाचा पट आणि दुसरीकडे आजीची गोधडी. बूनची सगळी कर्मकहाणी या गोधडीत आहे, हे तेव्हा मला पुरतं कळलं नव्हतं.

ओल्डटाउन म्हणजे शॉनी या मूळ रहिवाशांचं चिलिकाथी गाव. २०२४ मध्ये इथे ग्रेट कौन्सिल स्टेट पार्क सुरू झालं. इमारत त्यांच्या सभागृहाच्या घाटाची आहे. बून या गावात पाहुणा नव्हता, कैदी होता. फेब्रुवारी १७७८ मध्ये तो माणसं घेऊन ब्लू लिक्सच्या खाऱ्या झऱ्यांवर मीठ करायला गेला होता. शिकारीला म्हणून बाजूला गेला आणि शॉनींच्या हाती लागला. त्यानं आपल्या माणसांनाही शस्त्रं खाली ठेवायला लावली. प्रमुख ब्लॅकफिशनं त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव. चार महिने तो त्यांच्यात राहिला. जूनमध्ये बून्सबरोवर हल्ल्याची तयारी दिसली तेव्हा निसटला. १६० मैल चार दिवसांत कापले.

"म्हणजे तो त्याच्या दुसऱ्या बाबांना फसवून पळाला?" नातीनं विचारलं.

आम्ही चौघंही गप्प. शेवटी ही म्हणाली, "लाडू खा."

आज शॉनींची तीन मान्यताप्राप्त राष्ट्रं आहेत आणि तिन्ही इथून शेकडो मैलांवर ओक्लाहोमात आहेत. ओहायोतून त्यांना एकोणिसाव्या शतकात हलवलं. बाहेर गवत व्यवस्थित कापलेलं होतं आणि लिटल मायामी शांत वाहत होती.

संध्याकाळी केंटकीतल्या विंचेस्टरला पोहोचलो. इथलं आल्याच्या चवीचं पेय, एल-एट-वन, जावयांनी आग्रहानं पाजलं. हिचा अभिप्राय : "साखर कमी घातली असती तर काढ्यासारखं लागलं असतं."

दिवस दुसरा

तारीख मुद्दाम साधली होती. ७ जून १७६९ ला बूननं पायलट नॉब नावाच्या टेकडीवरून केंटकीचं सपाट, हिरवं मैदान पहिल्यांदा पाहिलं असं मानतात. केंटकीचं इतिहास मंडळ हा दिवस 'बून डे' म्हणून पाळतं. टेकडी विंचेस्टरहून जवळच आहे. लेक, जावई आणि नात वर गेले. मी अर्ध्यावर गुडघ्याचं ऐकलं आणि एका ओंडक्यावर बसलो. पायवाटेकडेला पॉपॉची झाडं होती, फळं अजून हिरवी आणि बोटाएवढी. हे आपल्या सीताफळाच्या कुळातलं झाड. पानं चुरगाळून बघितली, वास मात्र सीताफळाचा नाही.

दुपारी फोर्ट बून्सबरो. फोर्ट म्हटल्यावर साताऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येणार? मी आपला बुरूज, दरवाजा, पाण्याचं टाकं शोधत होतो. समोर निघाल्या ओंडक्यांच्या झोपड्या. त्यांच्या पाठभिंती आणि मधलं लाकडी कुंपण मिळूनच तटबंदी. चार कोपऱ्यांना दुमजली खोपटं, वरचा मजला थोडा पुढे काढलेला, खाली भिंतीशी आलेल्यावर गोळी झाडता यावी म्हणून. ही १९७४ मध्ये उभारलेली प्रतिकृती. मूळ जागा तिथून जरा खाली, केंटकी नदीच्या काठाला आहे.

मूळ आराखडा होता २६० फूट बाय १८० फूट. मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ४६,८०० चौरस फूट. भागिले १,०८९. त्रेचाळीस गुंठे!

"एक एकर तीन गुंठे," मी म्हणालो.

"एवढ्यावरून एवढं?" ही म्हणाली. आमच्या गावाकडे तीन गुंठ्यांवरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेले तिनं पाहिलेत, तरी म्हणाली.

या जागेचं मूळ खरेदीखत बघण्यासारखं आहे. नॉर्थ कॅरोलिनातला न्यायाधीश रिचर्ड हेंडरसन यानं ट्रान्सिल्व्हेनिया कंपनी काढली आणि मार्च १७७५ मध्ये सिकॅमोर शोल्स इथे चेरोकींकडून जवळपास दोन कोटी एकर जमीन घेतली. मोबदला दहा हजार पौंड आणि तोही बराचसा मालाच्या रूपात. खासगी माणसानं मूळ रहिवाशांकडून अशी जमीन घेऊच नये, असा ब्रिटिश राजाचा १७६३ चा जाहीरनामा होता. म्हणजे खत मुळातच लंगडं. त्यात चेरोकींमधलाच ड्रॅगिंग कनू हा तरुण नेता विरोधात उभा राहिला. आणि त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या शॉनींना तर कुणी विचारलंही नाही. सहहिस्सेदाराची सही नसलेलं असं खत माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते तसंच परत पाठवलं असतं.

बूनचं काम होतं वाट पाडायचं. तीसेक माणसं कुऱ्हाडी घेऊन त्याच्याबरोबर निघाली. २५ मार्चच्या पहाटे, मुक्काम आता थोडाच राहिला असताना, छावणीवर हल्ला झाला. मेलेल्यांत सॅम नावाचा एक गुलामही होता. वाट पाडणाऱ्यांत गुलाम होते हे नातीच्या प्रकल्पाच्या पुस्तकात नव्हतं. १ एप्रिलला उरलेले नदीकाठी पोहोचले आणि बून्सबरो सुरू झालं. हेंडरसननं या कामाबद्दल बूनला दोन हजार एकर कबूल केले होते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात मोडत असे, आणि व्हर्जिनियानं पुढे हेंडरसनची खरेदीच रद्द ठरवली. हेंडरसनला भरपाई म्हणून दोन लाख एकर मिळाले. बूनला काहीच नाही.

त्याच मे महिन्यात एका मोठ्या एल्म झाडाखाली या मंडळींनी आपली विधानसभा भरवली. बूननं मांडलेल्या विधेयकांतलं एक शिकारीची जनावरं जपण्याबद्दल होतं आणि दुसरं घोड्यांची जात सुधारण्याबद्दल. येऊन दोन महिने झाले नव्हते आणि शिकार कमी व्हायला लागली होती! घोड्यांचं मात्र केंटकीनं मनावर घेतलेलं दिसतं. विंचेस्टरहून येताना पांढऱ्या कुंपणांमागे उभी असलेली जनावरं माझ्या शाळेपेक्षा चांगल्या इमारतीत राहत होती.

प्रतिकृतीच्या किल्ल्यात एक बाई जुन्या पद्धतीनं साबण करून दाखवत होती, दुसरी मागावर बसली होती. साबणाची राख आणि चरबी बघून आमची ही तिच्याशी अर्धा तास बोलली. भाषा कुठली वापरली देव जाणे, पण दोघी हसत होत्या. तेवढ्यात मी मूळ जागी जाऊन आलो. दगडी स्मारक आहे, झाडांची गर्द सावली आहे, खाली मातकट नदी.

सप्टेंबर १७७८ मध्ये ब्लॅकफिश इथे चारशेहून अधिक माणसं घेऊन आला. आत लढू शकणारे साठाच्या आसपास. त्यानं बूनला बाहेर बोलावून घेतलं, बोलणी झाली, ती फिसकटली. वेढा अकरा दिवस चालला. नदीच्या काठाकडून शॉनींनी भुयार खणत आणलं, पण पावसानं ते ढासळलं. शॉनींच्या बाजूचा दुभाषा पॉम्पी हा काळा माणूस या वेढ्यात मारला गेला. तटाच्या आतल्या लोकांसाठी बंदुकीची दारू करण्यात ज्याचा हात होता तो मंक एस्टिल, तोही काळा आणि गुलाम. वेढा उठला आणि बूनवरच खटला भरला. माणसं शत्रूच्या हाती का दिलीस, दत्तक बापाशी संगनमत होतं का? तो निर्दोष सुटला, वर मेजरची बढतीही मिळाली. पण तो तिथे फार टिकला नाही. दुसऱ्या वर्षी काही मैलांवर बून्स स्टेशन नावाची वेगळी वस्ती त्यानं केली.

आणि गाव? १७७९ मध्ये व्हर्जिनियानं बून्सबरोला रीतसर गावाचा दर्जा दिला. नदीवर नाव चालवायचा परवाना रिचर्ड कॅलवेला मिळाला. बूनवर आरोप करणाऱ्यांत हाच पुढे होता. पण पेठ जमली ती लेक्सिंग्टनला, रिचमंडला. एकोणिसावं शतक लागलं तसं बून्सबरो विरत गेलं. आमच्या दप्तरात अशा गावाला 'बेचिराग' म्हणतात. नकाशावर हद्द आहे, नाव आहे, दिवा लावणारं कुणी नाही. नातीला शब्द फार आवडला. वहीत मोठ्या अक्षरात लिहिला.

संध्याकाळी नदीकाठी काजवे निघाले. इतके काजवे मी भंडारदऱ्यानंतर पाहिले नव्हते.

दिवस तिसरा

कम्बरलँड गॅप. याला मराठीत एकच शब्द, खिंड. अॅपलेशियन डोंगरांच्या सलग भिंतीत पडलेली खाच. हरणं आणि गवे आधी इथून गेले असणार, त्यांच्यामागून चेरोकी, शॉनी. त्यांचा तो लढाऊ मार्ग. डॉ. थॉमस वॉकर १७५० मध्ये इथून गेला. बूननं नवी वाट शोधली असं म्हणणं म्हणजे पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या पहिल्या एसटी चालकानं घाट शोधला म्हणण्यासारखं आहे. त्यानं जुन्या वाटा जोडल्या, झाडं तोडली, खुणा केल्या. तेही काही कमी काम नाही. १८१० पर्यंत दोन लाखांहून जास्त माणसं या खिंडीतून पश्चिमेला गेली.

पिनॅकल नावाच्या कड्यावर गाडी जाते. २,४४० फूट. खाली व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी अशा तीन राज्यांच्या सीमा एकत्र येतात. मी सवयीनं सीमेचा दगड कुठे असेल ते शोधत होतो, तर लेक म्हणाली, "बाबा, आज सुट्टीवर आहात."

खिंडीतून पूर्वी डांबरी महामार्ग जात असे, वळणांचा आणि अपघातांचा. १९९६ मध्ये डोंगराच्या पोटातून जुळे बोगदे झाले. मग यांनी वरचा डांबरी रस्ता उखडला, माती भरली, उतार पुन्हा बसवला आणि दोनशे वर्षांपूर्वीची पायवाट परत तयार केली. सरकार पैसे खर्चून रस्त्याची पायवाट करतं हे पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे ते दोन पावसाळ्यांत फुकट होतं.

त्या वाटेवर आम्ही तासभर चाललो. वरून एकदाही ऊन अंगावर आलं नाही. इथे मला सारखा आठवत होता तो बूनचा थोरला मुलगा जेम्स. १७७३ मध्ये बूननं कुटुंबासकट यायचा पहिला प्रयत्न केला होता. खिंडीच्या अलीकडे, व्हर्जिनियात, मागून सामान घेऊन येणाऱ्या टोळीवर हल्ला झाला आणि सोळा वर्षांचा जेम्स हालहाल होऊन मेला. सगळे परतले. दीड वर्षानं बाप पुन्हा त्याच वाटेनं आला. दुसरा मुलगा इस्रायल पुढे १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत बापाच्या डोळ्यांदेखत गेला.

आणखी एक गोष्ट. ही वाट बरीच वर्षं घोड्यापुरतीच होती. १७९६ मध्ये ती गाडीरस्ता करायची ठरली तेव्हा बूननं केंटकीच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं, हे काम मला द्या. वय एकसष्ट, अक्षर आणि स्पेलिंग दोन्ही यथातथा. कंत्राट दुसऱ्यांना मिळालं.

मुक्कामाला मिडल्सबरो. हे गावही एका वसवणाऱ्याचं. अलेक्झांडर आर्थरनं १८८० च्या दशकात इंग्रजी भांडवल आणून वसवलं. गंमत म्हणजे ते उल्केच्या विवरात आहे. लोणारला आपण काठावरून खाली बघतो, इथे माणसं तळाला राहून गोल्फ खेळतात. तिकडे जाताना फोनची रेंज गेली आणि आम्ही एका खाणीच्या रस्त्याला लागलो. जावई चिडले. मी त्यांना बूनचा किस्सा सांगितला. म्हातारपणी कुणी विचारलं, कधी रस्ता चुकलात का? तो म्हणाला, चुकलो असं नाही, एकदा तीन दिवस गोंधळलो होतो खरा. जावई हसले, पण गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत नाही.

दिवस चौथा

फ्रँकफर्ट, केंटकीची राजधानी. पण त्याआधी रात्री लेकीच्या लॅपटॉपवर जे पाहिलं ते सांगतो. केंटकीच्या भूमी कार्यालयानं जुन्या मोजण्यांच्या प्रती संकेतस्थळावर ठेवल्यात. व्हर्जिनियाच्या काळातल्या, शाईच्या, कडा झिजलेल्या. मी चष्मा दोनदा पुसला. सुरुवात पांढऱ्या ओकपासून, मग अमुक अंशाला इतके पोल, साखर-मेपलपर्यंत, मग ओढा ओलांडून परत सुरुवातीच्या झाडाशी. एक पोल साडेसोळा फुटांचा. दोन पोल म्हणजे ३३ फूट, म्हणजे आमची मोजणीची शंकुसाखळी, जिचे आम्ही सोळा आणे धरायचो! दोन्हीकडे गोरा साहेब एकच माप घेऊन फिरला होता, हे मला तेहेतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पण आमच्याकडे आधी गावाची मोजणी झाली, मग सर्व्हे नंबर पडले. केंटकीत उलटं. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यानं आधीच्या रहिवाशाला चारशे एकर आणि त्याला लागून हजार एकर घ्यायचा पहिला हक्क दिला. बाकीच्यांनी पैसे भरून वॉरंट, म्हणजे अमुक एकर घ्यायचा परवाना, घ्यायचं, जमीन आपण हुडकायची, मोजून घ्यायची, नोंदवायची. गावनकाशा नाहीच. त्यामुळे एकाच तुकड्यावर तीन-तीन, चार-चार हक्क, मंगलोरी कौलं एकमेकांवर चढवावीत तसे. खुणेचं झाड वठलं की बांध गेला. आणि कागद वेळेत न पोचवणारा गेला.

बून या सगळ्याच्या मधोमध. मोजतो आहे, स्वतःसाठीही जमिनी घेतो आहे, कागदाच्या बाबतीत ढिला. १७८० मध्ये वस्तीवाल्यांचे वॉरंटसाठी दिलेले पैसे घेऊन तो व्हर्जिनियाला निघाला, वाटेत एका खाणावळीत झोपेत लुटला गेला. सुमारे वीस हजार डॉलर. ते तो पुढे कित्येक वर्षं फेडत होता. मोजण्या चुकल्या म्हणून लोकांनी दावे लावले, त्याच्याच जमिनी विकून ते भागवले. १७९८ मध्ये केंटकीनं एका परगण्याला त्याचं नाव दिलं आणि त्याच वर्षी साक्षीला हजर राहिला नाही म्हणून त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं. पुढच्या वर्षी तो मिसुरीला निघून गेला. तेव्हा तो मुलूख स्पेनचा होता.

माझी त्याच्याबद्दल सहानुभूती आहे, पण आंधळी नाही. मोजणीदार चुकतो तेव्हा तिसऱ्याच माणसाचं घर जातं. मी स्वतः एकदा एका विधवेच्या हिश्श्यात अर्धा आणा कमी धरला होता. पुनर्मोजणीत निघालं म्हणून बरं.

फ्रँकफर्टचं कब्रस्तान नदीवरच्या उंच कड्यावर आहे, समोर विधानभवनाचा घुमट. बून आणि त्याची बायको रिबेका यांच्या स्मारकावर चारी बाजूंना संगमरवरी चित्रं आहेत. एकात रिबेका गाईची धार काढते आहे. हिला तेच सगळ्यात पटलं. "नवरा चार-चार महिने गायब. गाय कुणीतरी पिळायलाच हवी होती." दहा मुलं झाली त्यांना.

हे दोघं इथे मेले नाहीत. रिबेका १८१३ मध्ये आणि बून १८२० मध्ये मिसुरीत गेला, तिथेच पुरले. १८४५ मध्ये फ्रँकफर्टचं हे कब्रस्तान नवं कोरं होतं. नाव व्हायला हवं होतं. इथली मंडळी मिसुरीला गेली, हाडं उकरून आणली आणि मोठ्या मिरवणुकीनं पुरली. मिसुरीवाले तेव्हापासून म्हणतात, चुकीचं थडगं उकरलंत. त्या वेळी कवटीचा प्लॅस्टरचा ठसा घेतला होता. १९८३ मध्ये एका तज्ज्ञानं तो तपासला आणि ही कवटी काळ्या माणसाची असू शकते असं मत दिलं. मिसुरीच्या त्या कब्रस्तानात गुलामांनाही पुरत असत. केंटकीवाले अर्थातच मानत नाहीत.

नात म्हणाली, "मग उद्या दुसरीकडे जायलाच हवं."

दिवस पाचवा

जवळपास दिवसभर गाडीच. मिसुरीत घड्याळ एक तास मागे जातं, तो तास आम्ही सेंट लुईसच्या वाहतुकीत घालवला.

डिफायन्सजवळ बूनच्या धाकट्या मुलाचं, नेथनचं घर आहे. चुनखडीच्या दगडाचं, जाड भिंतींचं, भक्कम. बून्सबरोत जो दगड मी शोधत होतो तो इथे सापडला. बून या घरातल्या एका लहान खोलीत २६ सप्टेंबर १८२० ला वारला. स्पॅनिश सरकारनं त्याला इथला दंडाधिकारी नेमलं होतं आणि हजार आर्पां, म्हणजे साडेआठशे एकरांच्या आसपास, जमीन दिली होती. मुलूख अमेरिकेकडे आला तेव्हा कागद पुरे नाहीत, जमिनीवर राहून वहिवाट केली नाही, म्हणून हक्क नामंजूर! दुसऱ्यांदा तेच. १८१४ मध्ये काँग्रेसनं खास कायदा करून ती परत दिली. ती विकून त्यानं केंटकीची देणी फेडली.

तिथून मार्थाज्‌विलजवळच्या ब्रायन कुटुंबाच्या कब्रस्तानात पोहोचेपर्यंत ऊन कललं होतं. लहानशी टेकडी, मोठा दगड, त्यावर पितळी पाटी, आजूबाजूला झिजलेले दगड आणि बरीचशी नुसती हिरवळ. त्या हिरवळीखाली कोण कोण आहे ते लिहिलेलं नाही. आम्ही सोडून कुणी नव्हतं.

नातीनं वही काढली. "आबा, याचा सातबारा करू या."

मग आम्ही दोघांनी पावलं टाकून जागा मोजली. ती मोजत होती, मी दिशा सांगत होतो. चतुःसीमा लिहून झाली. एका बाजूला झाडं, एका बाजूला उतार, एकीकडे रस्ता, एकीकडे शेत. नावाच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"इथे काय लिहू?"

मी खिशातून पेन्सिल काढून दिली. फेरफार मंजूर होईपर्यंत आमच्याकडे नोंद पेन्सिलनंच करत. तिनं 'बून' लिहिलं, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या. खालून जावयांनी हॉर्न दिला.